गुडघ्याखालची उशी

१२ जानेवारी २०१४, रविवार

काल इस्पितळातून घरी आले. नवीन गुडघ्याचा आज सहावा दिवस. फिजिओथेरपिस्ट मेश्राम यांनी तिथे असतानाच बजावलं होतं, "रात्री किती झोपल्या, कितीदा उठल्या, दुखणं किती, लिहून ठेवत जा." घरात २०१२ची एक कोरी सरकारी डायरी सापडली. तारखा छापलेल्या आहेत पण वार जुळत नाहीत, म्हणून वार खोडून लिहिते आहे.

छत्तीस वर्षं स्टेनो होते. आधी भोपाळला, मग नवीन राज्य झालं तेव्हा इथे. दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेण्यात नोकरी गेली. स्वतःचं लिहायची सवय नाही. घडलं तसं लिहीन.

झोप: एक तास चाळीस मिनिटं, तीन तुकड्यांत. उजवा पाय कुठे ठेवावा हे पायालाही माहीत नाही. पाठीवर झोपायची सवय नाही आणि कुशीवर झोपायची परवानगी नाही.

मदतीला वहिनी आल्या आहेत. गोदावरी, माझ्या थोरल्या भावाची, दिवाकरची बायको. दिवाकर रेल्वेच्या मालधक्क्यावर हेडक्लार्क होता. दोन वर्षांपूर्वी गेला. वहिनी गुढ़ियारीला मुलाबरोबर, अभिनवबरोबर राहतात. तिथून माझं तेलीबांध्याचं घर फार लांब नाही, पण त्या काल पहिल्यांदा इथे आल्या. गेली दहा-अकरा वर्षं आम्ही लग्नकार्यात बोलावं लागतं तेवढंच बोलतो. आई गेली त्या वेळी मी एक प्रश्न विचारला होता, तो त्यांनी मनाला लावून घेतला.

मी त्यांना बोलावलं नव्हतं. नर्स ठेवणार होते. अभिनवने परस्पर ठरवून टाकलं. "आत्या, नर्स-वर्स रहने दो, माँ आ जाएगी," म्हणाला. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतच येतं.

माझ्या पलंगाशेजारी त्यांच्यासाठी दिवाण लावून दिला आहे. सकाळी पाहिलं तर चादरीची घडी तशीच. रात्रभर खुर्चीवर बसल्या होत्या. नवीन जागा आहे, होईल सवय.

१४ जानेवारी, मंगळवार

झोप: एक तास पन्नास. डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी झोपेची गोळी दिली आहे. तिने मी झोपत नाही, नुसती जड होते.

धर्मपाल मेश्राम घरी आले. पन्नाशीचे, किडकिडीत, हेल्मेट काखेत धरूनच बोलतात. त्यांनी पाय वाकवला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. मग त्यांनी झोपेचे नियम सांगितले. दुपारी झोपायचं नाही. चारनंतर चहा नाही. दुखण्याची गोळी झोपायच्या अर्धा तास आधी. बर्फाने शेकायचं. आणि उशी.

"उशी टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली नाही म्हणजे नाही," ते म्हणाले. "गुडघ्याखाली ठेवली तं लय आराम वाटते. पन मंग तो आखडून बसते. सरळच होत नाही. जन्मभर वाकडं चालान तुम्ही."

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली. "हव, टाचेखाली," म्हणाल्या.

आज संक्रांत. वहिनींनी मेश्रामांच्या हातावर तिळगूळ ठेवला, खाली चौकीदारालाही नेऊन दिला. माझा वाटीत घालून टेबलावर ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. देताना जे म्हणतात ते त्या म्हणाल्या नाहीत. मीही म्हटलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

झोप: चार तास. सलग.

याचं कारण लिहून ठेवते, डायरी मेश्रामांना दाखवायची नाही असं ठरवलं आहे. त्यांच्यासाठी वेगळ्या कागदावर तास लिहीन. काल रात्री एकच्या सुमाराला टाचेखालची उशी काढून गुडघ्याखाली सरकवली. पाय आपोआप सैल झाला, जणू कुणी त्याला आता घरी जा म्हणून सांगितलं. पाचला जाग आली तेव्हा उशी परत टाचेखाली ठेवली.

वहिनी खुर्चीवरच होत्या. डोळे मिटलेले होते. झोपल्या असाव्यात.

१८ जानेवारी, शनिवार

तीन तास पन्नास. त्याच पद्धतीने.

सकाळी दूध उतू गेलं. कालही गेलं होतं. वहिनी गॅससमोरच उभ्या असतात, पण लक्ष कुठे असतं कोण जाणे.

२० जानेवारी, सोमवार

इस्पितळात जाऊन टाके काढले. सव्वीस होते. डॉक्टर म्हणाले जखम छान आहे.

संध्याकाळी मेश्राम आले. पाय सरळ करून गुडघ्यावर तळहात ठेवला, दाबला, पुन्हा दाबला. गुडघ्याच्या मागे पलंगापासून दोन बोटं जागा राहत होती.

"मागच्या खेपेले याहून बरा होता," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता वहिनींना म्हणाले, "वहिनी, उशी कुठी ठेवून राहिल्या तुम्ही? गुडघ्याखाली तं नाही?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. "ठेवली असंन मी एखाद वेळी. ध्यान नाही राह्यलं," म्हणाल्या.

"ध्यान ठेवा. तुमच्या भरोशावर आहेत ह्या."

"हव."

मी काही बोलले नाही. उशीचा तर प्रश्न होता, त्यावर किती बोलायचं. मेश्राम गेल्यावर वहिनींनी बर्फाची पिशवी आणून दिली आणि कणीक मळायला गेल्या. रात्री जेवताना मला भाजी जास्त झाली. टाकून दिली.

झोप: दोन तास. उशी आज टाचेखालीच ठेवली होती. तीन वाजेपर्यंत.

२५ जानेवारी, शनिवार

चार रात्रींत मिळून सहा तास. झोप न येणारा माणूस काय काय मोजतो ते इथे लिहीत नाही.

काल रात्री अडीचला मी उशी सरकवायला हात घातला, तर वहिनी म्हणाल्या, "द्या ती इकडं."

मला वाटलं त्या झोपल्या आहेत. उशी दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि वर हात ठेवून बसल्या. आता झोप येणार नव्हतीच, तेव्हा मीच बोलायला सुरुवात केली.

"तुम्ही झोपत का नाही?"

"येत नाही."

"मालगाड्यांचा आवाज नाही म्हणून असेल. गुढ़ियारीला रात्रभर डबे आपटतात. इथे फार शांत आहे."

"तिकडंही येत नाही."

"साखर तपासली?"

"तपासली."

"चहा कमी करा."

"हव."

"कधीपासून आहे हे?"

त्या उशीची शिवण चाचपत होत्या. "आई गेल्या तवापासून," म्हणाल्या.

म्हणजे २००३. तेव्हा वहिनी सत्तेचाळीसच्या असतील. बायकांना त्या वयात हा त्रास सुरू होतो असं मी एका मासिकात वाचलं होतं. तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असंन." उशी मात्र परत दिली नाही.

२९ जानेवारी, बुधवार

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गुडघा बघितला, मेश्रामांना फोन लावला, दोघं इंग्रजीत बोलले. मग मला म्हणाले, १९ फेब्रुवारीपर्यंत वेळ देतो. तोवर सरळ झाला नाही तर पुन्हा भूल देऊन जबरदस्तीने सरळ करावा लागेल. झोपेच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या.

पाकिटात तीन उरल्या आहेत. मी त्या चष्म्याच्या घरात ठेवल्या.

गाडीत अभिनवने सांगितलं की त्याचा साखरपुडा २३ फेब्रुवारीला ठरला. मुलगी राजनांदगावची, चित्रा नाव. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. "आप टेंशन मत लो आत्या, कुर्सी पे बिठा के चार लोग उठा लेंगे," म्हणाला. मी सांगितलं की मला उचलून नेण्याची वेळ एकदाच येईल, तेव्हा चार लोक लागतीलच. तो हसला नाही. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी झालं.

१ फेब्रुवारी, शनिवार

हे दुपारी लिहिते आहे.

काल रात्री दहाला दुखण्याची गोळी घेतली आणि तिच्यावर झोपेच्या दोन घेतल्या. वहिनी तेव्हा भांडी घासत होत्या. झोप लागली. एक-दीडला बाथरूमला जायचं म्हणून उठले. वॉकर घ्यायचा असतो हे त्या क्षणी मला माहीतच नव्हतं. माझा गुडघा जुनाच आहे अशा थाटात मी चालत गेले. बाथरूमच्या दारापर्यंत पोचले आणि जमीन डावीकडे गेली.

पडले नाही. मागून दोन हात काखेत आले. वहिनी माझ्याहून वीतभर बुटक्या आहेत. त्यांनी पाठ भिंतीला टेकवली आणि मला घेऊन हळूहळू खाली घसरत आल्या. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. माझा पाय समोर पसरलेला, त्यांचे दोन्ही हात अजून माझ्या काखेत. त्यांच्या छातीतलं धडधडणं मला पाठीत लागत होतं.

मग त्या म्हणाल्या, "किती घेतल्या?"

"दोन."

"मले सांगाचं नाही?"

"सांगितलं असतं तर दिल्या नसत्या."

"नसत्याच देल्या." त्यांनी हात सोडवले. मग एकदम शांतपणे म्हणाल्या, "मी झोपली असती तं काय झालं असतं आता? डोकं त्या नळावर गेलं असतं तुमचं. अन् सकाळी सगळे जमले असते. अन् कोनीतरी म्हटलं असतं, झोप बरी लागली तुम्हाले."

हे वाक्य माझं आहे. आई गेली त्या सकाळी मी गुढ़ियारीला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. पहाटे गेली, आणि शेजारच्या खाटेवर वहिनी झोपलेल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "झोप बरी लागली तुम्हाला." या डायरीत पहिल्याच दिवशी मी लिहिलं आहे की मी एक प्रश्न विचारला होता. तो प्रश्न नव्हता. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लागत नाही, हे मला तरी कळायला हवं होतं.

वहिनी तिथेच, जमिनीवर बसून सांगायला लागल्या. माझ्याकडे न बघता, समोरच्या बादलीकडे बघत.

"तीन राती झाल्या होत्या. कफ भरे त्यांच्या छातीत, दर थोड्या वेळानं उठवून बसवा लागे. यांची ड्युटी होती, अभिनव लहान. चौथ्या राती आईच म्हनल्या, गोदू, पड जरा, डोळे पाह्य कसे झाले तुये. मी म्हटलं, नाही, बसतो मी. तं रागावल्या. पड म्हनते ना. साडेतीनले पडली मी. पाचले उठली."

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"कोनाले सांगू? पड म्हननारी तं गेली होती. कोनी म्हटलं असतं, बनवून सांगून राहिली."

दिवाकरलाही सांगितलं नव्हतं का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, ठाऊक नाही.

मी त्या चार वर्षांत कुठे होते तेही लिहायला हवं. पहिलं वर्ष भोपाळला. पुढची तीन याच शहरात, शंकरनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नवीन राज्य उभं राहत होतं. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरत होतं, टेबलं कमी आणि फायली जास्त. विधानसभेचं सत्र असलं की रात्री नऊ वाजत. मी रविवारी आईकडे जात असे. दर रविवारी नाही. रात्रीची एकदाही राहिले नाही.

मी म्हटलं, "वहिनी, मी चुकले तेव्हा."

"हव," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तवा चार लोकांत बोलल्या होत्या तुम्ही. आता बाथरूमपाशी सांगून राहिल्या."

त्यांनी खुर्ची ओढत आणली, मला तिच्यावर चढवलं, तिथून पलंगावर. उशी टाचेखाली लावली. उरलेली एक गोळी कुठे आहे ते विचारलं, घेतली आणि मोरीत टाकली.

झोप: नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

आई गेली त्या सकाळी अंगणात कोण कोण होतं ते आठवून लिहिलं. बैठकीच्या वृत्तांतात आधी उपस्थितांची यादी असते, तशी. मारोतकाका. बंडू आणि त्याची बायको. नागपूरची मावशी. दिवाकर. शेजारचे तिघं. गल्लीतल्या दोन बाया, नावं माहीत नाहीत. मी.

यातले पाच आता नाहीत. एक शेजारी मुलाकडे पुण्याला गेला. जे उरले ते २३ तारखेला हॉलमध्ये असतील.

झोप: अडीच तास.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मेश्रामांना उशीचं सांगून टाकलं. ते पाय दाबत होते तेव्हा म्हटलं, "उशी वहिनी ठेवत नव्हत्या. मी ठेवत होते."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. उशीले मधोमध खड्डा पडला होता. टाचेचा खड्डा लहान असते."

"मग तुम्ही त्यांना का बोललात?"

त्यांनी गुडघा दाबून धरला आणि दहापर्यंत मोजलं. "तुमच्या तोंडून निघते का पाहून राहिलो होतो," म्हणाले. "नाही निघालं."

वहिनी चहा घेऊन आल्या. मेश्राम त्यांना म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी उगाच बोललो तुम्हाले. माफी असू द्या." वहिनी म्हणाल्या, "त्यात काय," आणि त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. हा माणूस इतक्या सहज ते करून मोकळा झाला, मी बघत राहिले.

गुडघ्यामागे आता एक बोट जागा राहते.

१० फेब्रुवारी, सोमवार

झोप: साडेतीन तास. दुपारी एक मिनिटही नाही. डोळे मिटायला लागले की वहिनी मटार सोलायला देतात. घरात आता सहा दिवस पुरतील एवढे मटार आहेत.

रात्री आम्ही जाग्या असतो तेव्हा बोलतो. फार नाही. त्या आईबद्दल सांगतात. आईला शेवटी शेवटी रेडिओवर फक्त बाजारभाव ऐकायला आवडायचे, हे मला माहीत नव्हतं. मला माहीत नसलेल्या बऱ्याच गोष्टी आहेत. मी विचारते, त्या सांगतात. मीही त्यांना भोपाळच्या गोष्टी सांगितल्या. त्या म्हणाल्या, "एकटीनं कसं काय राह्यल्या बाई."

आई गेली त्या सकाळचा विषय कुणीच काढत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनी आज गुढ़ियारीला परत गेल्या. साखरपुड्याची तयारी आहे. दिवसा कामाला येणारी सुखबती आता रात्री राहील. ती नऊला झोपते ती सहालाच उठते. आग लागली तरी उठणार नाही असं तिचं तिनेच मला सांगितलं.

वहिनी निघताना पायांकडे बघून म्हणाल्या, "टाचेखाली."

"हव," मी म्हटलं. माझ्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच निघाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गुडघा सरळ झाला. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजला. भूल द्यावी लागणार नाही. वाकतोही पुरेसा. कुशीवर झोपायची परवानगी मिळाली, दोन पायांमध्ये उशी ठेवून. म्हणजे उशीला शेवटी रीतसर जागा मिळाली.

मेश्रामांबरोबर इमारतीच्या जिन्यावर सराव केला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. हॉलला अठरा पायऱ्या आहेत, अभिनवला मोजून यायला सांगितलं होतं. मी बावीस चढले.

झोप: चार तास वीस मिनिटं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. पानभर झालं. वाचून बघितलं तर त्यात अर्ध्याहून अधिक माझ्या नोकरीबद्दल होतं. ते खोडलं. पाच ओळी उरल्या.

मुलाच्या साखरपुड्यात असलं काही बोलू नये, असंही वाटतं. मुलीकडची माणसं काय म्हणतील. पण ती उरलेली माणसं पुन्हा एका ठिकाणी कधी जमतील, आणि त्यांतली किती जमतील, हे मोजून पाहिलं. मारोतकाका एक्याऐंशीचे आहेत.

झोप: लिहिण्यासारखी नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

अठरा पायऱ्या चढले. कुणी उचललं नाही.

चित्रा चांगली वाटली. पाया पडताना माझ्या उजव्या पायाला हात न लावता डाव्याला लावला. कुणी सांगितलं होतं की स्वतः सुचलं, माहीत नाही. अंगठ्या झाल्या. मग थोरल्यांनी आशीर्वादाचे दोन शब्द बोलायचे ठरले. मारोतकाकांना माइक दिला तर ते त्याच्याकडे बघत बसले. मग बंडूने, म्हणजे त्यांच्या मुलाने, माइक माझ्याकडे दिला.

मी काठी टेकून उभी राहिले. कागद पर्समध्ये होता, काढला नाही. अभिनव-चित्राला सुखी राहा म्हटलं. मग म्हटलं:

"आणखी एक सांगायचं आहे. २००३ साली आई गेली, तेव्हा मी वहिनींना अंगणात सगळ्यांसमोर म्हटलं होतं की झोप बरी लागली तुम्हाला. ते चूक होतं. वहिनी आईसाठी चार वर्षं रात्री जागल्या. मी त्यांतली तीन वर्षं याच शहरात होते, आणि एक रात्रही आले नाही. त्या वेळी सगळ्यांसमोर बोलले, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. वहिनी, मला माफ करा."

आणि बसले. बसताना गुडघा दुखला.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. मुलीच्या वडिलांना ही आमच्याकडची काही पद्धत असावी असं वाटलं बहुतेक, त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबले. मारोतकाकांना ऐकू कमी येतं. ते मोठ्याने म्हणाले, "काय म्हनते सरोज?" बंडूने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, माझ्याहून दुप्पट आवाजात. एक रात्रही आली नाही, हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा काकांना ते कळलं नाही. मी मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिले.

काका बराच वेळ मान हलवत होते. मग म्हणाले, "मी बी होतो तिथं. मी बी काही बोललो नाही." मग कुणीतरी पंगत बसली म्हणून ओरडलं आणि सगळे सुटल्यासारखे उठले.

वहिनी कुठे दिसल्या नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी ताट घेऊन आल्या. तोंड धुतलेलं होतं, कपाळावरचे केस ओले होते.

"आजच्या दिवशी काहून बोलल्या?" त्यांनी विचारलं.

"आजच सगळे होते."

त्यांनी ताट माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवलं. वरणावर तूप कमी होतं, ते आणायला गेल्या. परत आल्यावर शेजारची खुर्ची ओढून बसल्या. स्वतःचं ताट त्यांनी आणलं नव्हतं. माझं जेवण होईपर्यंत बसून राहिल्या. एकदा फक्त म्हणाल्या, "काका बोलले, ऐकलं?"

"ऐकलं."

"हव," त्या म्हणाल्या.

उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. अठरा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

झोप: पाच तास दहा मिनिटं.

सकाळी नऊ वाजता अभिनवचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"आत्या, माँ उठ नहीं रही है."

"म्हणजे काय?"

"मतलब सो रही है. साँस ठीक है, खर्राटे ले रही है. पर नौ बज गए. माँ तो चार बजे उठ के बैठी रहती है हमेशा. मैंने आज तक उसको सोते हुए देखा ही नहीं. डॉक्टर को बुलाऊँ क्या?"

मी त्याला विचारलं, किती वाजता झोपल्या. म्हणाला, घरी पोचल्यावर साडीसुद्धा बदलली नाही, साडेदहाला पडली ती पडलीच. मी मनात हिशेब केला. साडेदहा तास होत होते.

"डॉक्टर नको," मी म्हटलं. "दार लोटून घे. कुकर लावू नकोस, आवाज होतो. चहा बाहेर पी आणि ऑफिसला जा."

"पक्का?"

"पक्का."

दुपारी दीडला वहिनींचा फोन आला. रागावलेल्या होत्या. "अभिनव म्हने, तुम्हीच म्हटलं उठवू नको म्हनून. बारा वाजले ना मले उठाले. नळ येऊन गेला, पानी भराचं राह्यलं, मंडपवाला दारातून परत गेला. शेजारची गोमती तं येऊन माह्या नाकापाशी हात धरून पाहून गेली म्हने. लोकाईले काय वाटलं असंन, इतकी कशी काय झोपली ही?"

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं म्हणून सांगा."

त्या आणखी बराच वेळ बोलत होत्या. मी सगळं ऐकून घेतलं.